वळवानंतरचे पंधरा दिवस

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सोसायटीतील एका रहिवाशाने आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचे, असा उपक्रम आपण केला. जून महिन्यातील भाषणाचा हा मजकूर.)



समितीनं मला ‘घरची फुलबाग’ असा विषय दिला आणि अर्धा तास दिला. मी थोडी आधीच आटपीन, कारण साडेसहाला टँकर येणार आहे आणि त्याचा पाइप टाकायला वॉचमनकाकांना ही मधली रांग उठवावी लागेल. त्यामुळे सगळ्या बागकामाबद्दल बोलत नाही. वळीव पडल्यापासून मृग लागेपर्यंत जे पंधरा-वीस दिवस असतात, तेवढ्याबद्दलच बोलते. आपण सध्या त्याच दिवसांत आहोत.

आपली फुलबाग म्हणजे नक्की कुठली, ते आधी सांगते. बी विंगमध्ये नव्यानं आलेल्या एका ताईंनी मला विचारलं होतं, “काकू, बाग कुठंय?” त्यांचं चूक नाही. बंगल्याची असते तशी ती एका जागी नाही. थोडी आपल्या गॅलऱ्यांत आहे, थोडी गच्चीवर टाकीच्या सावलीला आहे, आणि उरलेली मागच्या कंपाउंडच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात आहे. हा पट्टा आज चाळीस फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. सोसायटी झाली तेव्हा तो थेट गेटपर्यंत जायचा, नव्वद फूट होता. गेटकडच्या पन्नास फुटांवर सहा वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसले. त्यावर पुढे येतेच.

ताबा मिळाला तेव्हा या पट्ट्यात माती नव्हतीच, राडारोडा होता. विटांचे तुकडे, सिमेंटचे घट्ट झालेले गोळे, रंगाचे डबे. आपले पहिले चिटणीस, जे आज आपल्यात नाहीत, त्यांनी घरटी वर्गणी काढली, चार ब्रास पोयटा माती आणि एक टेम्पो शेणखत आणलं, आणि लागोपाठ दोन रविवार आम्ही सगळ्यांनी पाट्या वाहिल्या. ज्यांच्या हाताला तेव्हा फोड आले ते आज इथल्या बऱ्याच मुलांचे आजी-आजोबा आहेत. कोपऱ्यातला प्राजक्त, मधली अनंताची दोन झाडं आणि भिंतीवरची जुई, ही त्या वेळची. बाकीचं मागाहून येत गेलं. कुणी गावाहून सोनटक्क्याचे कंद आणले, कुणी बदली होऊन जाताना कुंड्या ठेवून गेलं.

या वर्षीचा उन्हाळा तुम्ही पाहिलाच. मार्चअखेरपासून टँकर. समितीनं ठराव केला की टाकीचं पाणी झाडांना घालायचं नाही. ठराव योग्यच होता. पिण्याच्या पाण्याची ओढाताण असताना झाडांना पाइप लावणं मलाही पटत नाही. मग दहा-बारा घरांतून रोज संध्याकाळी तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्याची बादली खाली यायला लागली. काही जणांनी एसीच्या नळीखाली कॅन लावले. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात, झाडांना ते चांगलं. आरओ फिल्टरमधून बाजूला निघणारं पाणी मात्र उलट असतं. फिल्टरनं अडवलेले सगळे क्षार त्यात येतात. लाद्या पुसायला, संडास धुवायला ते ठीक आहे. कुंडीत रोज ओतू नका.

एवढं करूनही मेच्या मध्यावर पट्टा बघवत नव्हता. प्राजक्ताची पानं गळून काटक्या उरल्या होत्या. सोनटक्का पेंढ्यासारखा वाळला होता. गुलबक्षी आणि लिली तर जमिनीवर दिसतच नव्हत्या. जास्वंदीच्या शेंड्यांना कापूस लागल्यासारखे पिठ्या ढेकूण, आणि त्यांच्यामागे मुंग्यांच्या रांगा. समितीतल्या एका सभासदांनी तेव्हा मला अगदी साधेपणानं विचारलं, “काकू, खरं सांगा, यात आता वाचवण्यासारखं काय राहिलंय?” प्रश्न खवचट नव्हता. बघणाऱ्याला जे दिसतं तेच ते विचारत होते.

मग आजपासून बरोबर पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी वळीव पडला.

वळीव म्हणजे मान्सून नव्हे, हे मुलांसाठी सांगते. मान्सूनचे ढग समुद्रावरून येतात आणि पुण्यात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतात. वळीव इथल्या इथे तयार होतो. दिवसभर जमीन तापते, गरम हवा वर चढते, तिच्यातल्या वाफेचे दुपारपर्यंत उंचच उंच ढग होतात, आणि चार-पाचच्या सुमाराला वारा, धूळ, विजा, कधी गारा, आणि पाऊण तासाची झोड. म्हणून तो कोथरूडला धो धो पडतो आणि हडपसरला थेंब नसतो. माझ्याकडे पर्जन्यमापक वगैरे नाही. सरळ कडांचा एक स्टीलचा डबा आहे, तो मी गच्चीवर ठेवते आणि पाऊस थांबला की पट्टी घालून बघते. त्या दिवशी वीस मिलिमीटर भरला.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो दोन्ही बाजूंनी बोलतो. आपल्या ए विंगची गच्ची साधारण तीन हजार चौरस फूट आहे. तिच्यावर वीस मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेपाच हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजारी टँकरचा अर्ध्याहून जास्त, तोही पाऊण तासात आणि फुकट. पण तोच पाऊस एका दहा इंची कुंडीत पडला तर किती? एक लिटर. पाण्याची एक बाटली. आणि गॅलरीतल्या कुंड्यांना तेवढाही नाही, कारण वर दुसऱ्याची गॅलरी असते.

पट्ट्यात काय झालं ते आता दिवसावारी सांगते, कारण मी रोज सकाळी जाऊन बघत होते.

पहिल्या संध्याकाळी वास. या वासाला इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ म्हणतात. हे नाव १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दिलं. मातीतले काही सूक्ष्म जिवाणू ‘जिओस्मिन’ नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा त्यात मोठा वाटा. आपल्याकडे कनौजला याच वासाचं अत्तर करत आले आहेत, नाव द्यायला कुणी शास्त्रज्ञ यायच्या कितीतरी आधीपासून. रात्री सगळ्यांच्या ट्यूबलाइटभोवती पंखवाली पाखरं जमली. त्या वाळव्या. पहिल्या पावसानंतर त्या वारुळातून उडतात, पंख टाकतात आणि नवं घर शोधतात. घाबरून औषधं फवारू नका, तासभर दिवे बंद ठेवले की पुरतं.

दुसऱ्या दिवशी जास्वंद धुतलेली दिसली. पावसाच्या माऱ्यानं पिठ्या ढेकूण बरेचसे खाली पडले होते. जे उरले ते मी जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात काढले. तिसऱ्या दिवशी काही नाही. माती वरून सुकली, पुन्हा चटका सुरू.

गुरुवारी, जिथे नुसती फुटलेली ढेकळं होती तिथून बोटाएवढ्या गुलाबी कळ्या वर आल्या होत्या. पान नाही, काही नाही, नुसता देठ आणि कळी. शुक्रवारी सकाळी उघडल्या. तुम्ही पाहिलं असेल, शाळेच्या बसला जाणारी मुलं तिथे थांबली होती; एकीनं मोजल्या, सदतीस. ही पावसाळी लिली, काही जण रेन लिली म्हणतात. फूल एक-दोन दिवस टिकतं. तिचे कांदे मातीत चार-पाच बोटं खोल गप्प पडून असतात, आणि दुष्काळानंतर जोराचं पाणी लागलं की तीन-चार दिवसांत फुलतात. आपण झारीनं रोज थोडं थोडं पाणी घालून ती अशी एकदम उठत नाही. कोरडं, कडक, आणि मग भरपूर पाणी, असा तिचा हिशोब आहे. म्हणजे मेमधला तो कोरडेपणा, ज्याला आपण बाग मेली म्हणत होतो, तोही तिला लागत होता.

मोगऱ्याचंही काहीसं तसंच आहे. मोगऱ्याची शेती करणारे थंडीत मुद्दाम पाणी तोडतात, त्याला ‘ताण देणं’ म्हणतात, छाटतात, आणि मग पाणी दिलं की बहर येतो. झाडाला सदासर्वकाळ लाडात ठेवलं तर ते पानंच काढत बसतं. याचा अर्थ माणसांच्या बाबतीत काढू नका, आमच्या पिढीचे लोक लगेच काढतात.

सहाव्या-सातव्या दिवशी फुटबॉल लिलीनं डोकं वर काढलं. लाल केसाळ चेंडूसारखं ते फूल, वर्षातून एकदाच, याच सुमाराला, म्हणून त्याला मे फ्लॉवरही म्हणतात. सोनटक्क्याच्या वाळलेल्या पेंढ्याच्या बुडाशी गुलाबीसर टोकं दिसायला लागली. त्याची फुलं आपल्याला पाऊस मुरल्यावर, श्रावण-भाद्रपदाच्या पुढे मिळतील. (सोनटक्का आपल्या ईशान्येकडचा, पण क्युबाचं राष्ट्रीय फूल आहे. कुठून कुठे गेला बघा. उलट गुलबक्षी आणि निशिगंध, ज्यांना आपण अगदी आजीच्या अंगणातले समजतो, ते अमेरिका खंडातून आलेले.) गुलबक्षीचे जमिनीतले जाड कंद फुटले आणि शिवाय तिच्या काळ्या मिऱ्यासारख्या बिया जागोजाग रुजल्या. प्राजक्ताच्या काटक्यांवर डोळे फुगले.

आणि तेरडा. गेल्या वर्षीच्या तेरड्याच्या शेंगा मुलांनी फोडून फोडून सगळ्या पट्ट्यात बिया उडवल्या होत्या. त्या आठ महिने तिथेच होत्या. आता हजारभर रोपं आहेत, दोन गोल गुबगुबीत पानांची. या सोसायटीत सात-आठ घरांत तेरड्याच्या गौरी बसतात. गेली कित्येक वर्षं त्यांची गौर या पट्ट्यातून जाते, बाजारातून नाही. गौरी आणायच्या दिवशी सकाळी तिथे साड्यांची आणि पाटांची जी गर्दी होते, ती मला आपल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा जास्त आवडते, अध्यक्षांनी राग मानू नये.

तर सभासदांच्या त्या प्रश्नाला उत्तर मिळालं. वाचवण्यासारखं जे होतं ते जमिनीखाली होतं. पावसानं नवीन काही आणलं नाही, जे खाली जिवंत राहिलं होतं ते वर आलं.

आता महत्त्वाचं. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की आपल्या सोसायटीत झाडं मार्च-एप्रिलमध्ये फारशी मरत नाहीत. मरतात ती वळवानंतर. पाऊस पडला, गारवा आला, माणसाला वाटतं सुटलो. बादल्या खाली यायच्या थांबतात. या वेळी पावसाच्या दुसऱ्या दिवशी दोन बादल्या आल्या, तिसऱ्या दिवसापासून एकही नाही. आणि झाडाचं नेमकं याच वेळी उलट चाललेलं असतं. पाऊस लागल्यावर त्यानं कोवळी पालवी काढलेली असते. जुनं जाड पान पाणी धरून ठेवतं, कोवळं पान सोडून देतं. झाडानं खर्च वाढवला आणि आपण पगार बंद केला, असं होतं. मृग चार दिवस पुढे गेला की कोंब करपतात, आणि कंदात साठवलेलं अन्न त्या कोंबावर खर्च झालेलं असतं. मग दुसऱ्यांदा फुटायला त्याच्याकडे काही राहत नाही.

म्हणून या दिवसांत बोट घालून बघा. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घालायचं. तिथे ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर हवं. वरून काळी दिसणारी माती फसवते. कुंड्यांचं आणखी एक आहे. उन्हाळ्यात माती आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, ताटली भरते आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. आधी खुरप्यानं नाहीतर जुन्या चमच्यानं वरची दोन बोटं माती मोकळी करा, फट बुजवा, मग दोन-तीन वेळा थांबून थांबून थोडं पाणी घाला. वर वाळका पाला दोन-तीन इंच पसरा. आपल्या सफाईच्या मावशी रोज पोतंभर पाला काढतात, पंप रूमच्या मागे जाळीत ठेवलाय, हवा तेवढा न्या.

ताटल्यांवरून आठवलं. डेंग्यूचा डास असल्या साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो, आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. लिलीच्या कांद्यासारखीच ती पावसाची वाट बघत असतात. पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. ज्यांच्या कुंड्यांखाली ताटल्या आहेत त्यांनी आठवड्यातून एकदा त्या उलट्या करून कडा घासायच्या, नुसतं पाणी फेकून भागत नाही. ही विनंती नाही, हा हट्ट समजा. गेल्या वर्षी आपल्याकडे दोन घरांत डेंग्यू झाला होता.

पावसानं जे रुजतं ते सगळंच हवं असतं असंही नाही. गाजरासारख्या चिरलेल्या पानांचं जे रोप आत्ता सगळीकडे दिसतंय ते काँग्रेस गवत. देशात त्याची पहिली नोंद पुण्यातच, १९५५ च्या सुमाराला झाली. परदेशी गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. त्याच्या परागांनी दमा आणि खाज होते. पांढरी फुलं यायच्या आत, ओल्या मातीत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. आत्ता दोन बोटांनी निघतं, ऑगस्टमध्ये कुदळ लागेल. शंखी गोगलगायीही याच दिवसांत बाहेर पडतात आणि तेरडा त्यांना फार आवडतो. रात्री ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या चिमट्यानं उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातानं नको.

अनंताबद्दल बरेच जण विचारतात. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. उन्हाळाभर बोअरचं आणि टँकरचं जड पाणी घातलं की मातीत क्षार साठतात. कुंडीच्या बाहेर जो पांढरा थर येतो ना, तोच. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना घेता येत नाही. पावसाचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं, ते हे क्षार खाली धुऊन नेतं. म्हणून वळवानंतर अनंत आपोआप हिरवा दिसायला लागतो, आणि आपण आदल्या दिवशी घातलेल्या टॉनिकला श्रेय देतो. ज्यांना जमेल त्यांनी गॅलरीतली अनंताची कुंडी पावसात गच्चीवर नेऊन ठेवावी. लिफ्टमध्ये माती सांडली तर पुसावी.

आणि कृपा करून कुठलंही झाड मेलं म्हणून आत्ता टाकू नका. नखानं फांदीची साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. वरच्या फांद्या तपकिरी निघाल्या तर खाली खाली खरवडत या, बुडाशी हिरवं सापडतं. कंदाच्या झाडांना हेही लागू नाही; तिथे जुलैपर्यंत थांबायचं. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं घर बदलताना अनंताची वाळलेली कुंडी कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली. सफाईच्या मावशींनी ती उचलून पंप रूमच्या मागे ठेवली, कोणाला काही न बोलता. गच्चीच्या पाइपची गळती तिथे ठिबकते. मृगात तिला धुमारे फुटले. आज ती वॉचमनकाकांच्या केबिनशेजारी आहे, आणि आठवड्यापूर्वी तिच्यावर अकरा फुलं होती. मावशी आज इथे आहेत, मागे उभ्या आहेत. त्यांना बसायला खुर्ची द्या कुणीतरी.

आता पट्ट्याचं. येत्या वार्षिक सभेत उरलेल्या चाळीस फुटांवरही ब्लॉक बसवून दुचाकींसाठी जागा करायची, असा ठराव येणार आहे, असं कानावर आहे. ती सभा सप्टेंबरच्या आत होईल. मी आज इथे प्रचार करायला उभी नाही, पण बागेबद्दल बोलायला सांगून या विषयावर गप्प बसा म्हणाल तर ते जमणार नाही.

पार्किंगची अडचण खरी आहे. ज्यांची मुलं रात्री अकराला कामावरून येतात आणि गाडी रस्त्यावर लावतात, त्यांची काळजी मला कळते. नऊ-दहा दुचाकी बसतील असा हिशोब मांडलाय, तो बहुतेक बरोबर असेल. माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्या बाजूचा हिशोबही कुणीतरी मांडावा.

गेटकडच्या पन्नास फुटांचं काय झालं ते सांगते. तिथे आपला सोनचाफा होता. ठेकेदारानं सपाटीसाठी त्याची वरची मुळं तोडली आणि ब्लॉक अगदी खोडाला भिडवले. तिसऱ्या उन्हाळ्यात तो वाळला. तो वळवानं परत फुटला नाही, कारण त्याच्या मुळांपर्यंत पाऊस पोचायला वाटच नव्हती. आवारातलं पाणी पूर्वी त्या पट्ट्यात मुरायचं. आता उतारानं बी विंगकडे येतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या एका पावसात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आलं आणि लिफ्ट दोन दिवस बंद होती. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना डायलिसिसला खाली कसं आणलं ते त्यांच्या मुलाला विचारा. चौघांनी खुर्चीत बसवून. लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल समितीकडे आहे. ठराव मांडताना ते बिलही सोबत मांडावं.

आपल्या बोअरचा पुनर्भरणाचा खड्डाही याच पट्ट्याच्या टोकाला आहे. गच्चीचं ते साडेपाच हजार लिटर पाणी त्यात जातं. निदान जायला हवं; आत्ता त्याची जाळी गाळानं भरली आहे, ती मृगाच्या आत काढायला हवी. ब्लॉक बसल्यावर तो खड्डा कुणाच्या स्कूटरखाली येणार आणि वर्षातून एकदा उघडून साफ कोण करणार, हेही ठरवावं लागेल. मधे भोकं असलेले, गवत उगवणारे ब्लॉक मिळतात, असं कुणी म्हणेल. मोकळ्या आवारात ते चांगले. पण गाड्यांच्या वजनानं खालची माती दाबली की लिलीचा कांदा काही वर येत नाही. या पट्ट्यासाठी मला तो मार्ग पटत नाही.

दुचाकींचं म्हणाल तर मी परवा स्टिल्टमधल्या गाड्या मोजल्या. सात दुचाकी अशा आहेत की ज्यांची चाकं बसलेली आहेत आणि सीटवर बोटानं नावं लिहिता येतील एवढी धूळ आहे. मुलांनी लिहिलीही आहेत. या सात गाड्या भंगारात गेल्या तर सात जागा आजच्या आज मिळतात. त्यांचे मालक इथेच बसले आहेत, मी नावं घेत नाही. पण सप्टेंबरपर्यंत ज्यांना वाटेल त्यांनी समितीला पत्र द्यावं.

आणि ठराव काय व्हायचा तो होवो, निदान सप्टेंबरपर्यंत पट्टा आपलाच आहे. मृग लागायला अजून चारेक दिवस आहेत आणि पाऊस पंचांग वाचून येत नाही. तोपर्यंत संध्याकाळच्या बादल्या पुन्हा सुरू कराव्यात. ए विंगनं प्राजक्ताकडची बाजू बघावी, बी विंगनं सोनटक्क्याकडची. दहा घरांनी एकेक बादली आणली तरी पुरतं. पाणी झाडाच्या बुंध्यात एकदम ओतू नका, मगानं सावकाश घाला, रोपं वाहून जातात.

तेरड्याची रोपं फार दाट झाली आहेत, विरळ करावीच लागतील. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मी पट्ट्यात आहे. ज्यांना गॅलरीत लावायची आहेत त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या घेऊन याव्यात, तळाला दोन भोकं पाडून. ज्यांच्याकडे गौरी आहेत त्यांना आधी देईन. लहान मुलांना एक काम आहे. रोपाचं खोड नीट बघायचं. खोड लालसर असेल तर फूल रंगीत येतं, आणि खोड हिरवंगार असेल तर बहुतेक पांढरं. दोन्ही प्रकार वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचे.